शिडीभाऊंनी विमानाला टीव्हीची केबल लावली त्याची गोष्ट

आमच्या शेजारच्या घरात आठ वर्षं एक विमान राहत होतं. पहिली दोन वर्षं तर दिवाणखान्यातच. त्या घरच्या वहिनी पाहुण्यांना दारातूनच सांगायच्या, "जरा पंखाला वळसा घालून या," आणि पाहुणे बिचारे छताकडे बघायचे. पुढे विमानाचं धड तयार व्हायला लागलं तसा वहिनींनी निर्वाणीचा इशारा दिला आणि विमान मागच्या शेडमध्ये गेलं. सोफा परत आपल्या जागी आला, पण त्यावर बसलं की अजूनही लाकडाचा भुसा वर येतो. मी स्वतः अनुभव घेतला आहे, पांढऱ्या पँटीत.

हे विमान बांधणारे गृहस्थ म्हणजे शिडीभाऊ. खरं नाव कागदोपत्री असेलच, पण ते कोणी वापरलेलं मला आठवत नाही. तीस वर्षं त्यांनी घरोघर टीव्हीच्या केबलीची जोडणी केली. स्कूटरला आडवी बांधलेली शिडी, खांद्यावर केबलीचं वेटोळं, तोंडात दोन खिळे. घरात आधी शिडी शिरायची, मग भाऊ. वहिनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आता निवृत्त. आवाज अजून तसाच आहे. आमच्या घरातला फोन खणखणला आणि समोरून वहिनी बोलल्या, की मी अजूनही सावरून बसतो.

विमानाचं खूळ डोक्यात शिरलं ते छपरावरच. खालून कोणीतरी "आलं, चित्र आलं" असं ओरडेपर्यंत भाऊंना वर बसून राहावं लागायचं. तेवढ्यात गावाबाहेरच्या फ्लाइंग क्लबची छोटी विमानं डोक्यावरून जायची. माणूस वर्षानुवर्षं वर बघत बसला की असंच होतं. त्यांनी पोस्टानं नकाशे मागवले, दोन माणसांच्या विमानाचे. लाकूड, पोलादी नळ्या आणि वरून कापड. कापड वहिनींनी आपल्या शिवणयंत्रावर शिवलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी भाऊंनी उडवायचा परवानाही मिळवला. मी रोज सकाळी भिंतीवरून विचारायचो, "काय भाऊ, आज उडणार?"

"आज नाही. आज चाकं."

"मग उद्या?"

"उद्या ब्रेक. चाकांच्या मागोमाग ब्रेक लागतात रे. तुला ते कळायचं नाही, तू बँकेत होतास."

असा माणूस. आठ वर्षांत मी त्यांना एकदाही "जमेल का हो?" असं म्हणताना ऐकलं नाही.

यंदा सगळं झालं होतं. इंजिन चालू होत होतं, पंख बसले होते, विमान ट्रेलरवरून क्लबच्या मैदानावर गेलं होतं. उरला होता फक्त रेडिओ. आणि तिथेच गोष्ट अडली. घरी बांधलेली विमानं तपासणारे साहेब आमच्या मैदानावर वर्षातून दोनदा येतात. यावेळचा गुरुवार ठरला होता, दोन आठवड्यांवर. त्यांचा नियम सोपा होता: मैदानाच्या कंट्रोल टॉवरशी दोन्ही बाजूंनी स्वच्छ बोलणं झालं तरच सही. यावेळी हुकलं तर पुढची खेप सहा महिन्यांनी. भाऊंचा वैद्यकीय दाखला मात्र चार महिन्यांतच संपत होता, आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरलाय, पुढच्या वेळी मी शिक्का मारीनच असं नाही, हे डॉक्टरांनी हसत हसत पण स्पष्ट सांगितलं होतं. थोडक्यात, या गुरुवारी रेडिओ बोलला नाही, तर विमान जमिनीवरच म्हातारं होणार आणि भाऊही.

रेडिओ चांगला होता, अँटेनाही चांगला होता. तो सीटच्या मागे, विमानाच्या पाठीवर, पत्र्याच्या चकतीवर उभा केला होता. प्रश्न होता दोघांना जोडणाऱ्या केबलीचा. त्या रविवारी मी चहाला गेलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर केबलीचे तीन तुकडे मांडले होते. पहिला तुकडा टीव्हीच्या केबलीचा, भाऊंच्या खास ड्रममधला. दुसरा साध्या काळ्या केबलीचा, रेडिओवाले वापरतात ती. तिसरा बारीक, तपकिरी, दिसायला अगदी किरकोळ, पण किंमत अशी की वहिनींनी त्यावर चहाचा थेंबसुद्धा पडू दिला नाही.

"ह्यात बघण्यासारखं काय आहे?" भाऊ म्हणाले. "टीव्हीची टाकायची. घरात अर्धा ड्रम पडलाय."

"अहो, रेडिओच्या पुस्तकात पन्नास ओहमची केबल लिहिली आहे," वहिनी म्हणाल्या. "तुमची पंचाहत्तरची आहे. ड्रमवरच छापलंय."

मला ओहम म्हणजे काय ते कळत नाही हे ओळखून वहिनींनी मला समजावलं. रेडिओ, केबल आणि अँटेना या तिघांचाही एक ठरलेला आकडा असतो आणि तो एकमेकांशी जुळावा लागतो. जुळला नाही तर पाठवलेल्या जोरातला काही भाग अर्ध्या वाटेवरून परत फिरतो.

"म्हणजे माझ्या अर्जांसारखं," मी म्हणालो.

"पुस्तकं लिहिणारे छपरावर चढत नाहीत," भाऊ म्हणाले. "चारशे घरांत ही केबल टाकली मी. उन्हात, पावसात, कबुतरांत. आजपर्यंत एका बाईची मालिका बुडाली नाही. आणि इथे अंतर किती, साडेआठ फूट. एवढ्याशा अंतरात कसला आकडा नि कसलं काय."

"मग ही तपकिरी मागवली कशाला?"

"तू म्हणालीस म्हणून."

"मी म्हटलं म्हणून मागवली, आणि तुम्ही म्हणता म्हणून लावायची नाही. बरं आहे."

इथे मी शहाण्यासारखा चहा संपवून उठलो. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या माणसाला कुठल्या वाक्यानंतर उठायचं ते कळतं.

भाऊंनी टीव्हीची केबल लावली. आणि लावली ती आपल्या रिवाजाप्रमाणे. केबलवाल्यांचा एक रिवाज असतो, तो मला तेव्हा कळला. तार कधी बेताची कापायची नाही. उद्या टीव्ही या भिंतीवरून त्या भिंतीवर गेला तर? म्हणून पाच-सहा फूट जास्त ठेवायची आणि तिचं वेटोळं करून कुठेतरी कोंबायचं. प्रत्येक घरात टीव्हीच्या मागे जे धुळीनं भरलेलं वेटोळं असतं ना, ते हेच. भाऊंनी सीटच्या मागे तसंच एक सुबक वेटोळं बांधलं. विमानाचा रेडिओ उद्या कुठल्या भिंतीवर जाणार होता, हे मी विचारलं नाही. टोकांना टीव्हीचेच जोड पिरगाळून बसवले, त्यांना रेडिओचे जोड लागावेत म्हणून मध्ये एकेक ठोकळा अडकवला, आणि वर काळी टेप.

मंगळवारी चाचणी. वहिनी हातातला छोटा रेडिओ घेऊन मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसल्या, मी त्यांच्या शेजारी उभा. आधी टॉवरवरच्या बाई बोलल्या. भाऊंनी कॉकपिटमधून अंगठा वर केला, म्हणजे झकास ऐकू येत होतं. माझ्याकडे बघून त्यांनी असा चेहरा केला की बघ, पुस्तकवाले.

मग त्यांनी बोलायचं बटण दाबलं.

वहिनींच्या हातातल्या रेडिओतून जे आलं त्याला आवाज म्हणवत नाही. कुकरची शिट्टी कोणीतरी नाकात दाबून धरावी तसं काहीतरी. मधूनच भाऊंचा एखादा शब्द वर यायचा आणि परत बुडायचा. टॉवरच्या बाई फार सभ्य. त्या म्हणाल्या, "आपण कोण बोलताय ते समजत नाही. कृपया पुन्हा सांगा." पुन्हा सांगितलं. पुन्हा शिट्टी. तिसऱ्या वेळी बाई म्हणाल्या, "मैदानावर कोणी इंजिनाची दुरुस्ती करत असेल तर कृपया रेडिओ बंद ठेवावा."

पुढचे तीन दिवस भाऊंनी विमानातली एकेक वस्तू संशयित म्हणून धरली. आधी हेडफोन बदलला. मग माइक. मग रेडिओच काढून क्लबच्या विमानात लावून पाहिला. तिथे तो घंटेसारखा बोलला. मग अँटेना उतरवून घासला. मग माझा मोबाइल. खिशात बंद करून ठेवलेला, पण तोही मैदानाबाहेर पाठवला गेला, मला घेऊन. केबलीला मात्र त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "केबल ठीक आहे. ऐकू येतंय ना स्वच्छ? केबल खराब असती तर ऐकूसुद्धा आलं नसतं."

शुक्रवारी संध्याकाळी ते शेडच्या उंबऱ्यावर बसले होते, हात काळे. सहा दिवस उरले होते. वहिनी आतून आल्या, त्यांच्या शेजारी बसल्या. मी भिंतीवर होतो. मी असतोच.

"एक विचारू?" वहिनी म्हणाल्या. "चारशे घरं केलीत ना तुम्ही?"

"चारशे बारा."

"त्यातलं एक तरी घर उलटं बोललं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे, तुमच्या केबलीतून घरात चित्र आलं, आवाज आला. घरातून परत काही गेलं का कधी?"

भाऊ हातांवरचं काळं पँटीला पुसायला लागले.

"माझी सगळी नोकरी दोन्हीकडून बोलणाऱ्या तारांवर गेली. एका बाजूला छान ऐकू येतं आणि दुसरी बाजू ओरडत असते, अशा तक्रारी मी दिवसाला वीस घेतल्या. ऐकायला कशीही तार चालते हो. कुजबुज झेलायची असते फक्त. बोलताना रेडिओ सगळा जोर त्या तारेत लोटतो. तो पुरता बाहेर पडला नाही तर कुठे जाईल? तिथेच, तुमच्या कानाशी. तुमच्याच माइकमध्ये शिरून किंचाळणार."

मी भिंतीवरून हळूच म्हणालो, "तीस वर्षं एकतर्फी संसार केला म्हणायचा तुम्ही, भाऊ."

"तू गप रे," दोघंही एकदम म्हणाले, आणि तिथेच मला कळलं की आता बरं होणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ कामाला लागले, आणि पहिल्यांदाच निवड केली. आधी केली होती ती निवड नव्हती, सवय होती. क्लबच्या रेडिओ मिस्त्रीकडून त्यांनी एक छोटा मीटर उसना आणला. किती जोर अँटेनाकडे जातो आणि किती परत येतो ते तो दाखवतो. आधी टीव्हीची केबल लावून बघितली. काटा परतीच्या बाजूला असा काही सरकला की मीही नजर वळवली. जोडावर बोट ठेवून हलवलं, की काटा नाचायचा. जोड उघडला तेव्हा आतली जाळी ॲल्युमिनियमची, नुसती पिरगाळलेली, अर्ध्या तारा तुटलेल्या.

"इंजिनाच्या थरथरीनं," भाऊ म्हणाले. "छप्पर थरथरत नाही ना."

मग काळी केबल. तिच्यावर काटा शहाण्यासारखा वागला. मी म्हटलं, मग हीच लावा की, स्वस्तही आहे. भाऊंनी काळीचा आणि तपकिरीचा एकेक तुकडा शिकंज्यात धरला, किंचित वाकवला आणि सोल्डरिंगचं गरम टोक दोन्हींना टेकवलं. काळीच्या आतलं पांढरं आवरण लोण्यासारखं मऊ झालं आणि मधली तार बाजूला सरकून जाळीला टेकायला आली. तपकिरी ढिम्म. जणू तिला कोणी हाकच मारली नाही.

"ही इंजिनाच्या मागच्या भिंतीला लागून जाणार," भाऊ म्हणाले. "तिथे हात ठेवून बघ कधी, चालू असताना. आणि काही पेटलं तर काळीचं आवरण जळून कॉकपिटभर धूर होईल. खाली उतरून दारं उघडायची सोय नसते वर." मग त्यांनी तपकिरीचं टोक सोलून मला दाखवलं. एकावर एक अशा दोन जाळ्या, चांदीचा मुलामा, आणि मधली तार एक नाही, पुष्कळ बारीक तारांची, म्हणजे थरथरीनं तुटणार नाही. "बघितलंस? दोन कपडे घालून बसली आहे."

"वहिनी हेच सांगत होत्या," मी आठवण करून दिली.

"ती पुस्तकातलं सांगत होती. मी बघून सांगतोय."

आतून वहिनींचा आवाज आला, "ऐकलं मी."

मापाला दोघं बसले. समोरच्या पॅनेलमधल्या रेडिओपासून अँटेनापर्यंत वहिनींनी सुतळी नेली, कापड बेतावं तशी, वळणांना मऊ बाक देऊन. आठ फूट सात इंच. भाऊंनी केबलीवर खूण केली. मग कातर उचलली आणि हात थांबला. मी मोजलं नाही, पण चहा निवेल एवढा वेळ थांबला असेल. तीस वर्षांत त्यांनी तार कधी मापात कापली नव्हती.

"थोडी जास्त ठेवतो," ते म्हणाले. "सहा इंच."

"कशाला?"

"असू दे."

"जोडायला लागेल तेवढी धरलीच आहे मी त्यात. कापा."

कापली. जोड पिरगाळायचे नाहीत, खास पकडीनं दाबून बसवायचे, म्हणून ती पक्कडही मिस्त्रीकडून आणली होती. पहिले दोन जोड बिघडले, ते भाऊंनी मुकाट्यानं खिशात घातले. तिसरा बसला तो ओढून ओढून पाहिला. मीटर लावला. परतीचा काटा जागचा हलल्यासारखाही वाटेना. वहिनी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला चालत गेल्या, आणि त्यांच्या हातातल्या रेडिओतून भाऊंचा आवाज असा आला की त्यांनी तो कानापासून लांब धरला.

गुरुवारी साहेब आले. उंच, सडपातळ, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं मोजून. इंजिन चालू करून, दिवे लावून, विमानाची शेपटी टॉवरकडे करून, सगळ्या बाजूंनी बोलायला लावलं. प्रत्येक वेळी टॉवरच्या बाई म्हणाल्या, "आवाज स्पष्ट." मी मनात पेढे वाटायला सुरुवातसुद्धा केली होती.

मग साहेबांनी बांधकामाची वही मागितली. भाऊंनी आठ वर्षं रोज लिहिलेली. शेवटचं पान त्यांनी दोनदा वाचलं. तिथे भाऊंच्याच अक्षरात लिहिलं होतं: टीव्हीची केबल बसवली, चुकीची, काढली. मी भाऊंच्या कानात म्हणालो, "हे लिहायलाच हवं होतं का?"

"घडलं ते लिहिलं," भाऊ म्हणाले.

साहेबांनी चष्मा वर केला. "तुम्ही केबलीचं काम करायचात?"

"तीस वर्षं."

"ही सवयीनं लावलीत."

"हो."

"मग मला सांगा, या विमानात तुमच्या धंद्याची सवय आणखी कुठे कुठे आहे?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. आता भाऊ छाती काढून "कुठेच नाही" म्हणणार, अशी माझी खात्री होती. आठ वर्षांत ते दुसरं काही म्हणाले नव्हते.

भाऊंनी विमानाकडे बघितलं, नाकापासून शेपटीपर्यंत, सावकाश. मग म्हणाले, "दोन ठिकाणी. शेपटीच्या दिव्याची तार मी नळीला प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळली आहे, खांबाला आवळतात तशी. खाली मऊ काही नाही. घासून घासून तार उघडी पडेल. आणि बॅटरीजवळचा एक जोड नुसत्या टेपवर आहे. उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटतो. छपरावर सुटला तर परत जायचो मी."

"इथे परत जाता येणार नाही."

"म्हणूनच सांगितलं. तासभर द्या."

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि सावलीत जाऊन बसले. भाऊ शेपटीत शिरले, नुसते पाय बाहेर. वहिनी हत्यारं देत होत्या, न मागता, बरोबर तेच. मी टॉर्च धरली. टेप निघाली, दाबून बसवलेला जोड आला, पट्टीखाली रबराची गुंडाळी आली. पन्नास मिनिटांत भाऊ घामानं निथळत बाहेर आले. साहेबांनी आत डोकं घालून दोन्ही जागा बघितल्या, बोटानं ओढून पाहिल्या, आणि आणखी कुठे काही उघडायला सांगितलं नाही.

"मी साधारण दिवसभर शोधतो," सही करता करता ते म्हणाले. "आज गरज वाटली नाही."

आठवड्यानं कागद हातात आला आणि त्या शनिवारी भाऊ उडाले. पहिली खेप एकट्यानंच करायची असते, म्हणून वहिनी खालीच होत्या, खुर्चीवर, रेडिओ मांडीवर. अख्खी गल्ली मैदानाच्या कुंपणाला लागली होती. त्यात निम्मे लोक असे होते ज्यांनी आठ वर्षं मला विचारलं होतं की हे खरंच उडणार का, आणि मी म्हणायचो, छे हो. आज मी सगळ्यांना सांगत होतो की मला पहिल्यापासून माहीत होतं. कोणी आठवण करून दिली नाही. गल्ली भली आहे.

विमान धावलं, एकदा उडी मारल्यासारखं हललं आणि उचललं गेलं. वहिनींचा हात रेडिओवर. मग त्यातून भाऊंचा आवाज आला, इतका जवळून की शेजारच्या आजी मागे वळून बघायला लागल्या. त्यांनी विमानाचा नंबर सांगितला, उंची सांगितली, मैदानाभोवती एक चक्कर मारून उतरतो म्हणाले, आणि थांबले. टॉवरच्या बाई म्हणाल्या, "स्पष्ट ऐकलं." झालं.

वहिनी माझ्याकडे वळून, डोळे पुसत म्हणाल्या, "भावजी, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा यांचं बोलणं एका वाक्यात संपलं, मागे वेटोळं न ठेवता."